कोकण रेल्वेचे शिल्पकार

पेण आणि रोहा ही रायगड जिल्ह्यातील दोन गावे. पेण भोगावती नदीच्या काठी वसले आहे, तर रोहा कुंडलिका नदीच्या काठी. पेणच्या गणेशमूर्ती परदेशांतही जातात. रोह्याजवळ धाटाव येथे रासायनिक कारखाने आहेत. ही दोन्ही गावे एकाच लोहमार्गावर आहेत. मुंबईच्या बाजूने येणारा हा लोहमार्ग १९८६ साली रोह्यापर्यंत पोहोचला आणि तेथेच थांबला. रोह्याच्या पुढे डोंगर, दऱ्या, खाड्या आणि नद्या होत्या. तेथून थेट कर्नाटकातील मंगळूरपर्यंत समुद्राच्या बाजूने रेल्वे नव्हती.

आज रोह्याहून गाडी पुढे रत्नागिरी, गोवा, कारवार, उडुपी अशी धावत जाते. हा मार्ग बांधण्यासाठी १९९० साली एक नवी कंपनी स्थापन झाली. तिचे नाव कोकण रेल्वे महामंडळ. ही कंपनी ज्यांनी शून्यातून उभी केली, ते तिचे पहिले अध्यक्ष म्हणजे ई. श्रीधरन. त्यांचे जीवन आणि कार्य यांची ओळख आपण या पाठात करून घेऊ.

श्रीधरन यांचा जन्म १२ जून १९३२ रोजी केरळमधील करुकपुत्तूर या खेड्यात झाला. हे खेडे आजच्या पालक्काड जिल्ह्यात आहे. पालक्काडच्या शाळेत टी. एन. शेषन हे त्यांचे वर्गमित्र होते. हेच शेषन पुढे भारताचे मुख्य निवडणूक आयुक्त झाले. शाळेनंतर श्रीधरन यांनी आंध्र प्रदेशातील काकिनाडा येथे स्थापत्य अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले. रस्ते, पूल, धरणे, इमारती यांच्या बांधकामाचे शास्त्र म्हणजे स्थापत्य अभियांत्रिकी. काही काळ त्यांनी कोळिकोड येथे अध्यापन केले. सुमारे एक वर्ष ते मुंबई बंदरातही उमेदवारी करत होते. नंतर स्पर्धा परीक्षा देऊन ते रेल्वेत दाखल झाले. १९५४ सालाच्या अखेरीस दक्षिण रेल्वेत त्यांची नोकरी सुरू झाली.

दहा वर्षांनी त्यांच्यापुढे एक कठीण काम आले. तमिळनाडूत रामेश्वरम हे बेट आहे. मुख्य भूमी आणि हे बेट यांना जोडणारा पांबन नावाचा रेल्वेपूल समुद्रावर बांधलेला होता. डिसेंबर १९६४ मध्ये तेथे भयंकर चक्रीवादळ झाले. धनुष्कोडीला निघालेली एक गाडी प्रवाशांसह समुद्राच्या लाटांनी गिळली. पुलाचे बहुतेक लोखंडी गर्डर वाहून गेले. गर्डर म्हणजे दोन खांबांवर आडवी ठेवलेली मोठी तुळई. तिच्यावरच रूळ टाकलेले असतात.

पूल दुरुस्त करण्यासाठी रेल्वेने सहा महिन्यांची मुदत ठरवली होती. वरिष्ठ अधिकाऱ्यांनी ती तीन महिन्यांवर आणली. काम सोपवले बत्तीस वर्षांच्या श्रीधरन यांच्यावर. नवे गर्डर तयार होऊन यायला बराच काळ लागला असता. मग वाहून गेलेले गर्डरच समुद्राच्या तळाशी शोधले तर? गर्डर कोठे पडले आहेत, याची माहिती मच्छीमारांकडून मिळाली. ते वर काढून पुन्हा खांबांवर चढवण्यात आले. केवळ ४६ दिवसांत पूल उभा राहिला. या कामाबद्दल रेल्वेमंत्र्यांनी श्रीधरन यांना पारितोषिक दिले.

१९७० मध्ये कोलकाता शहरातील भुयारी रेल्वेच्या आखणीचे काम त्यांच्याकडे आले. ही भारतातील पहिली मेट्रो. पुढे काही काळ त्यांनी कोचीन येथील जहाज बांधण्याच्या कारखान्याचा कारभार पाहिला. अखेर ते रेल्वे मंडळाचे सदस्य झाले. जून १९९० मध्ये वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी ते निवृत्त झाले. या वयात बहुतेक माणसे विश्रांती घेतात. श्रीधरन यांच्या आयुष्यातले सर्वांत मोठे काम मात्र आता सुरू होणार होते.

त्या काळी कोकणातील प्रवास किती कष्टाचा होता, हे जुनी माणसे सांगतात. मुंबईहून कोकणच्या बंदरांत बोटी जात असत. पावसाळ्यात समुद्र खवळला, की त्या बंद होत. समुद्रावरचा प्रवास धोक्याचाही होता. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून आपल्याच जिल्ह्यातील रेवसला निघालेली 'रामदास' ही बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे मरण पावली. दुसरा मार्ग होता मुंबई-गोवा रस्त्याचा. घाटाघाटांतून एस.टी.ने जाताना रात्रीच्या रात्री बसून काढाव्या लागत. कोकणातील हजारो माणसे मुंबईच्या गिरण्यांत, गोदीत आणि कचेऱ्यांत काम करत होती. गणपतीला किंवा ईदला घरी जायचे, तर आधी गाडीत जागा मिळवण्याची चिंता असे.

कोकणात रेल्वे यावी, अशी मागणी फार जुनी होती. अ. बा. वालावलकर या रेल्वे अभियंत्यांनी या मार्गासाठी पुष्कळ कष्ट घेतले. बॅरिस्टर नाथ पै आणि प्राध्यापक मधू दंडवते या कोकणच्या खासदारांनी संसदेत हा प्रश्न सतत मांडला. पण दरवर्षी सरकारकडून थोडे थोडे पैसे मिळत आणि काम रखडत राही. अशा गतीने रोह्याहून मंगळूरला पोहोचण्यास कित्येक वर्षे गेली असती.

१९८९ च्या अखेरीस जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री झाले आणि मधू दंडवते अर्थमंत्री झाले. फर्नांडिस मूळचे मंगळूरचे आणि दंडवते कोकणचे खासदार. दोघांनाही या रेल्वेची तळमळ होती. श्रीधरन यांनी त्यांच्यापुढे एक वेगळा मार्ग ठेवला. सरकारी खात्याने हे काम करण्याऐवजी त्यासाठी स्वतंत्र कंपनी काढावी, असे त्यांनी सुचवले.

कंपनी काढल्याने काय साधते? समजा, एखाद्या कुटुंबाला घर बांधायचे आहे. दरवर्षी उरलेल्या पैशांतून एकेक भिंत बांधली, तर घर पूर्ण व्हायला वीस वर्षे लागतील. त्याऐवजी भावांनी मिळून काही रक्कम जमवली आणि उरलेली रक्कम कर्जाऊ घेतली, तर घर दोन वर्षांत उभे राहील. कोकण रेल्वेचे असेच झाले. भारतीय रेल्वेने ५१ टक्के भांडवल घातले. महाराष्ट्राने २२ टक्के, कर्नाटकाने १५ टक्के, तर गोवा आणि केरळ यांनी प्रत्येकी ६ टक्के वाटा उचलला. बाकीची रक्कम लोकांना रोखे विकून उभी करण्यात आली. रोखे म्हणजे कर्जाची लेखी हमी. जो रोखे घेतो, त्याला ठरलेल्या काळाने व्याजासह पैसे परत मिळतात.

घेतलेल्या कर्जावर दर दिवशी व्याज चढते. काम एक दिवस लांबले, तर एका दिवसाचे व्याज वाढते. म्हणून वेळ म्हणजे येथे खरोखरच पैसा होता.

१९ जुलै १९९० रोजी कंपनीची नोंदणी झाली. निवृत्त झालेले श्रीधरन तिचे अध्यक्ष आणि व्यवस्थापकीय संचालक झाले. १५ सप्टेंबर १९९० रोजी रोहा येथे कामाची कोनशिला बसवण्यात आली. पाच वर्षांत काम पुरे करायचे, असे ठरले.

श्रीधरन यांनी रोहा ते मंगळूरजवळचे ठोकूर हा सारा मार्ग सात विभागांत वाटला. महाड, रत्नागिरी उत्तर, रत्नागिरी दक्षिण, कुडाळ, गोवा, कारवार आणि उडुपी हे ते सात विभाग. एकेका विभागाच्या वाट्याला साधारण शंभर किलोमीटर मार्ग आला. प्रत्येक विभागावर एक मुख्य अभियंता नेमला. आपल्या विभागातील निर्णय त्यानेच घ्यायचे. प्रत्येक कागद मंजुरीसाठी वर पाठवायचा आणि उत्तराची वाट पाहत बसायचे, ही पद्धत येथे नव्हती. अधिकार जागेवरच्या माणसाला दिले होते आणि जबाबदारीही त्याच्यावरच टाकली होती.

पहिला प्रश्न जमिनीचा होता. चाळीस हजारांहून अधिक लोकांच्या जमिनी मार्गात येत होत्या. कोकणातील शेत म्हणजे भाताची लहान लहान खाचरे, चार आंब्याची किंवा काजूची झाडे, नारळीची वाडी. एकेका सातबारावर अनेक भावांची आणि चुलतभावांची नावे. त्यांतले काही गावात, तर काही मुंबईला. वाडवडिलांनी लावलेले झाड तुटताना पाहणे कोणालाही सोपे नसते. तरी पुष्कळ लोकांनी विरोध न करता जमिनी दिल्या. रेल्वे आली, तर मुलाबाळांचे भले होईल, असा त्यांना विश्वास वाटत होता. त्यामुळे सुमारे एका वर्षात बहुतेक जमीन कंपनीच्या ताब्यात आली.

सगळीकडे असे घडले नाही. गोव्यात मार्ग कोठून न्यावा, यावरून मोठा वाद झाला. दाट वस्ती, जुनी गावे आणि खाजण शेती यांना धक्का लागेल, अशी तेथील लोकांना भीती होती. १९९३ मध्ये गोव्यातील काही काम थांबवावे लागले. चौकशी समिती नेमली गेली. त्यानंतरच काम पुढे सरकले.

दुसरा प्रश्न डोंगरांचा होता. श्रीधरन यांनी हा मार्ग ताशी १६० किलोमीटर वेगाने गाड्या धावू शकतील असा आखला. वेगाने धावणाऱ्या गाडीला तीव्र चढ आणि अरुंद वळणे चालत नाहीत. म्हणून १५० मीटर पुढे गेल्यावर चढ १ मीटरपेक्षा जास्त नसावा, असा नियम केला. आता कोकणचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. एका बाजूला सह्याद्री, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मध्ये डोंगरांच्या सोंडा. प्रत्येक दोन सोंडांमध्ये एक नदी. मार्ग सपाट ठेवायचा, तर डोंगर आला की बोगदा खणायचा आणि दरी आली की पूल बांधायचा, याशिवाय उपाय नव्हता.

म्हणून सुमारे ७४० किलोमीटरच्या या मार्गावर ९१ बोगदे आहेत आणि लहानमोठे मिळून १,८०० हून अधिक पूल आहेत. सर्व बोगदे एकापुढे एक ठेवले, तर ८० किलोमीटरपेक्षा जास्त लांबी होते. रत्नागिरीजवळचा करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटर लांब आहे. तो बांधला, तेव्हा भारतातील रेल्वेचा सर्वांत लांब बोगदा होता. रत्नागिरीजवळच पानवल नदीवर ६४ मीटर उंचीचा पूल आहे. वीस मजली इमारत त्याच्या खाली सहज मावेल. कर्नाटकात होन्नावर येथे शरावती नदीवर या मार्गाचा सर्वांत लांब पूल आहे. त्याची लांबी दोन किलोमीटरहून अधिक आहे.

कठीण कातळात बोगदा खणणे अवघड असते, असे आपल्याला वाटते. पण कातळापेक्षा मऊ माती जास्त त्रास देते. कातळ सुरुंगाने फोडला, की वरचे छत टिकून राहते. पाण्याने भिजलेली चिकणमाती मात्र खणू तशी वरून खाली येते. अशा मातीतून नऊ बोगदे काढायचे होते. थोडे खणायचे, लगेच लोखंडी कमानीचा आधार द्यायचा, मग पुन्हा थोडे खणायचे. कधी महिन्याभराचे काम एका रात्रीत माती येऊन बुजून जाई. गोव्यातील पेडणे येथील बोगदा दीड किलोमीटरच्या आसपास आहे, पण त्याला जवळजवळ सहा वर्षे लागली. सारा मार्ग तयार झाला, तरी या एका बोगद्यासाठी थांबावे लागले.

हे काम करताना अनेक कामगारांचे प्राण गेले. कोणी दरड कोसळून, कोणी बोगद्यात माती ढासळून मरण पावले. त्यांच्या स्मरणार्थ रत्नागिरी येथे स्मारक उभारले आहे. आपण गाडीच्या खिडकीतून डोंगर पाहतो, तेव्हा या माणसांची आठवण ठेवली पाहिजे.

मार्गाचे तुकडे एकेक करून तयार झाले. १९९३ मध्ये दक्षिणेकडे ठोकूर ते उडुपी आणि उत्तरेकडे रोहा ते वीर या भागांत गाड्या सुरू झाल्या. २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण मार्ग खुला झाला. पाच वर्षांचे काम सात वर्षांहून थोड्या अधिक काळात झाले. खर्चही मूळ अंदाजापेक्षा पुष्कळ वाढून सुमारे साडेतीन हजार कोटी रुपयांवर गेला. कर्जाचा भार नंतर अनेक वर्षे कंपनीवर राहिला. म्हणजे श्रीधरन यांनाही ठरलेली मुदत पाळता आली नाही. तरीसुद्धा शंभर वर्षे नुसती मागणी होत असलेली रेल्वे आठ वर्षांच्या आत धावू लागली, हे विसरता येत नाही.

मार्ग सुरू झाला, म्हणजे काम संपले, असे नव्हते. कोकणच्या पावसात दरडी कोसळत राहिल्या. २००३ मध्ये वैभववाडीजवळ आणि २००४ मध्ये आपल्याच जिल्ह्यात करंजाडीजवळ मोठे अपघात झाले. त्यानंतर डोंगरांच्या उतारांवर लोखंडी जाळ्या बसवल्या. पावसाळ्यात गाड्यांचा वेग कमी ठेवला जातो आणि त्यासाठी वेगळे वेळापत्रक असते. पावसात रात्रीसुद्धा गस्त घालणारे कामगार रुळांवरून चालत जातात आणि मार्ग तपासतात.

रोहा तालुक्यातील कोलाड स्थानकावर या कंपनीने १९९९ मध्ये एक नवी कल्पना अमलात आणली. मालाने भरलेले ट्रकच रेल्वेच्या सपाट डब्यांवर चढवून गोव्यातील वेर्णा येथे नेण्यात आले. ट्रकचे डिझेल वाचले, ड्रायव्हरला विश्रांती मिळाली आणि रस्त्यावरची गर्दी कमी झाली. पुढे रोहा ते वीर हा भाग २०२१ मध्ये दुहेरी झाला आणि २०२२ मध्ये सारा मार्ग विजेवर आला. डोंगरात पूल आणि बोगदे बांधण्याचा जो अनुभव या कंपनीने कोकणात मिळवला, तो पुढे काश्मीरमध्ये उपयोगी पडला. चिनाब नदीवर ३५९ मीटर उंचीचा रेल्वेपूल याच कंपनीच्या देखरेखीखाली बांधला गेला. तो ६ जून २०२५ रोजी खुला झाला.

कोकणातील काम संपत आले असतानाच, १९९७ मध्ये श्रीधरन यांच्याकडे दिल्ली मेट्रोचा कारभार आला. तेव्हा ते पासष्ट वर्षांचे होते. कामाच्या जागी त्यांनी उलटी मोजणी करणारे फलक लावले. काम पूर्ण व्हायला किती दिवस उरले, हे मजुरापासून अधिकाऱ्यापर्यंत सर्वांना रोज दिसे. २४ डिसेंबर २००२ रोजी दिल्ली मेट्रोचा पहिला भाग सुरू झाला. पहिल्या टप्प्याचे ६५ किलोमीटरचे काम ठरलेल्या मुदतीच्या आधी पुरे झाले. कोकणात जे साधले नव्हते, ते दिल्लीत साधले.

जुलै २००९ मध्ये दिल्लीत मेट्रोचा बांधकाम चालू असलेला पूल कोसळून काही माणसे मरण पावली. श्रीधरन यांनी इतर कोणाकडे बोट दाखवले नाही. प्रमुख म्हणून ही जबाबदारी आपली आहे, असे मानून त्यांनी लगेच राजीनामा दिला. सरकारने तो स्वीकारला नाही, म्हणून ते पुन्हा कामाला लागले. २०११ च्या अखेरीस ते दिल्ली मेट्रोतून निवृत्त झाले. भारत सरकारने त्यांना २००१ मध्ये पद्मश्री आणि २००८ मध्ये पद्मविभूषण हे किताब देऊन गौरवले.

मोठे काम एकट्याने होत नाही. कोकण रेल्वेसाठी कोणी जमीन दिली, कोणी पैसे गुंतवले, तर कोणी प्राण गमावले. असे काम ज्याच्या हाती येते, त्याच्याजवळ दुसऱ्यांची ठेव असते. ठेव वेळेवर परत करावी लागते. श्रीधरन यांनी वेळेला एवढे महत्त्व दिले, याचे कारण हेच. मुदत पाळणे म्हणजे ज्यांनी आपल्यावर विश्वास टाकला, त्यांना दिलेला शब्द पाळणे होय.

शब्दार्थ

शिल्पकार – घडवणारा, निर्माण करणारा
उमेदवारी करणे – काम शिकण्यासाठी काम करणे
मुदत – ठरवून दिलेला काळ
रखडणे – काम पुढे न सरकणे
कोनशिला – बांधकामाच्या आरंभी बसवलेला दगड
खाचर – बांध घातलेले भाताचे शेत
कातळ – कठीण खडक
दरड – डोंगराचा ढासळलेला कडा
गस्त – पहारा देण्यासाठी फिरणे
ठेव – विश्वासाने दुसऱ्याजवळ ठेवलेली वस्तू

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) रोह्यापर्यंत लोहमार्ग कोणत्या साली आला?
(आ) पांबन पूल किती दिवसांत दुरुस्त झाला?
(इ) कोलाड येथे १९९९ मध्ये कोणती नवी कल्पना अमलात आली?

२. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) कोकण रेल्वेसाठी स्वतंत्र कंपनी का काढली?
(आ) या मार्गावर इतके बोगदे आणि पूल का बांधावे लागले?
(इ) मऊ मातीत बोगदा खणणे अवघड का असते?

३. कारणे सांगा.
(अ) कोकणातील पुष्कळ लोकांनी विरोध न करता जमिनी दिल्या.
(आ) श्रीधरन यांनी २००९ मध्ये राजीनामा दिला.

४. जमीन, मालक, मुदत, कर्ज, पूल, नकाशा हे शब्द मराठीत आहेत आणि उर्दूतही आहेत. या पाठातून असे आणखी पाच शब्द शोधून लिहा.

५. तुमच्या घरातील किंवा शेजारच्या वडील माणसांना विचारा: रेल्वे नव्हती, तेव्हा ते कोकणात कसा प्रवास करत? मिळालेली माहिती आठ-दहा ओळींत लिहा.